चेंडू उजवीकडे पळतोय? आधी मूठ बघ

काल बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या गोल्फ मैदानावर तुझा प्रत्येक चेंडू उजवीकडे वळून झाडीत. स्विंगला, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) फिरवण्याच्या पद्धतीला हात लावू नकोस, पकड बदल. तुझा ग्लोव्ह मनगटाजवळच्या गादीवर फाटलाय, म्हणजे दांडा बोटांत नाही, तळव्यात धरतोयस आणि तो घसरतोय. डावा हात जरा उजवीकडे फिरव. वरून बघताना मुठीची दोन-तीन हाडं दिसायला हवीत, अंगठा-तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे. आवळू मात्र नकोस. सुरुवातीला हात परका वाटेल, चेंडू कुठेही जातील. मी तेवढ्यात वैतागून जुन्या पकडीवर गेलो आणि दोन वर्षं फुकट घालवली. घरी टीव्ही बघताना क्लब हातात घेऊन बसत जा. बायको हसेल, हसू दे.