५जी बंद ठेवू का? नेटवर्क मोड आणि फोनची बॅटरी : वाचकांचे प्रश्न

नेटवर्क मोड बदलल्यावर बॅटरी खरंच वाचते का, यावर नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात एक गोष्ट येणार आहे, ती आधीच सांगून ठेवतो. फोन ४जीवर आहे की ५जीवर, यापेक्षा त्याला टॉवर किती नीट ऐकू येतो यावर बॅटरी जास्त अवलंबून असते.

नवा ५जी फोन घेतला. बॅटरी ५००० एमएएच, तरी संध्याकाळी सातला २० टक्क्यांवर येते. ५जी बंद करून ४जीवर ठेवला तर फरक पडेल का? आणि तो ठेवायचा कसा? (गंगापूर रोड)

फरक पडतो, पण किती पडेल ते तुमचं सिम आणि तुमचं घर ठरवतं.

आपल्याकडे ५जी दोन पद्धतींनी चालतं. जिओचं ५जी ‘स्टँडअलोन’ आहे, म्हणजे फोन थेट ५जी टॉवरशी बोलतो. एअरटेलने २०२२मध्ये सुरुवात केली ती ‘नॉन-स्टँडअलोन’ पद्धतीने. यात नियंत्रणाचे संदेश ४जीवरून जातात आणि डेटाचा मोठा ओघ ५जीवरून येतो. डेटा चालू असताना अशा फोनला दोन्ही जोडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, त्यामुळे बॅटरी जास्त जाते. फोन नुसता पडून असेल तेव्हा मात्र तो ४जीवरच बसलेला असतो. वरच्या पट्टीत ५जी दिसत असलं तरी त्याचा अर्थ ‘या टॉवरवर ५जी मिळू शकतं’ एवढाच असू शकतो.

स्टँडअलोन नेटवर्कवर फोन पडून असतानाही ५जीवर असतो. जिओचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा (म्हणजे रेडिओ लहरींचा ठरावीक टप्पा) भिंतींतून बऱ्यापैकी आत येतो, पण ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा आरसीसी इमारतीत लवकर दम तोडतो. बाल्कनीत ५जी आणि आतल्या खोलीत ४जी अशी तुमच्या घरी परिस्थिती असेल, तर फोन दिवसभर या दोन्हींत ये-जा करत राहतो. प्रत्येक वेळी शेजारचे टॉवर मोजायचे, नोंदणी करायची, थोड्या वेळाने परत यायचं. अशा घरात ४जीवर ठेवलेला फोन नक्कीच जास्त टिकतो. याउलट घरात ५जी भक्कम असेल तर बंद करून हाती फारसं लागत नाही.

दोन जीबीचा चित्रपट उतरवायचा असेल तर ५जी चालू करा. काम लवकर उरकतं आणि रेडिओ (फोनमधला टॉवरशी बोलणारा भाग) लवकर झोपतो, त्यामुळे त्या कामापुरती बॅटरी उलट कमी जाऊ शकते. व्हॉट्सॲप, यूपीआय, बातम्या, कॉल यांना ४जी पुरेसं आहे. आणखी एक: फोनने छोटासा संदेश जरी आणला तरी रेडिओ लगेच झोपत नाही, साधारण दहा सेकंद जागा राहतो. दर मिनिटाला काही ना काही मागवणारी चार-पाच ॲप्स असतील तर मोड कोणताही ठेवा, बॅटरी जाणारच. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर ती शोधा आणि त्यांचा बॅकग्राउंड वापर बंद करा.

मोड बदलण्याच्या जागा अशा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क्स, नेटवर्क मोड. तिथे ‘एलटीई/३जी/२जी (ऑटो कनेक्ट)’ निवडा. एलटीई म्हणजेच ४जी. रेडमी-शाओमीत सिम कार्ड्स अँड मोबाईल नेटवर्क्समध्ये जाऊन सिम निवडा, मग ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’ आणि ‘प्रेफर एलटीई’. इतर अँड्रॉइड फोनमध्येही ‘प्रेफर्ड नेटवर्क टाइप’ हेच नाव शोधा. आयफोनवर सेटिंग्ज, मोबाईल सर्व्हिस (जुन्या आवृत्तीत मोबाईल डेटा), मग व्हॉइस अँड डेटा. तिथे ‘५जी ऑन’ असेल तर ‘५जी ऑटो’ करा. ५जीचा खरा फायदा नसेल तेव्हा फोन आपणहून ४जीवर येतो.

एक खबरदारी घ्या. ठरावीक प्लॅनवर जिओ आणि एअरटेल अमर्याद ५जी देतात. ४जीवर आलात की रोजचा कोटा मोजला जातो. दुपारीच डेटा संपला तर दोष बॅटरीवर ढकलू नका.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नका. रात्री अकराला टक्केवारी लिहा, वाय-फाय बंद ठेवा, फोन रोजच्या जागी ठेवा, सकाळी सहाला पुन्हा बघा. एक रात्र ५जीवर, दुसरी ४जीवर. एकदोन टक्क्यांचाच फरक असेल तर मोडचा नाद सोडा. मग दिवसा बॅटरी स्क्रीन आणि ॲप्स खात आहेत.

सातपूर एमआयडीसीत कामाला आहे. शेडमध्ये फोन खिशातच गरम होतो आणि दुपारी चारला संपतो. घरी रविवारी तोच फोन रात्रीपर्यंत चालतो. बॅटरी खराब झाली का? (सातपूर)

बॅटरी ठीक आहे. रविवारचा अनुभव त्याचा पुरावा आहे. दोष शेडच्या पत्र्याचा आहे. धातूचा पत्रा रेडिओ लहरी परतवतो, त्यामुळे टॉवर शंभर मीटरवर असला तरी आत सिग्नल क्षीण होतो.

सिग्नल क्षीण झाला की फोनला टॉवरपर्यंत आपला आवाज पोचवण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो. किती जोर लावायचा ते टॉवरच फोनला सांगत असतो. ४जीवर साध्या फोनची कमाल मर्यादा २३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), म्हणजे २०० मिलीवॉट. टॉवर जवळ आणि मोकळा असेल तर याच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्शात काम भागतं. बंद शेडमध्ये फोन सतत कमाल मर्यादेपाशी असतो. त्यात फोनमधला पॉवर ॲम्प्लिफायर (सिग्नलचा जोर वाढवणारा भाग) बॅटरीतून घेतलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतो. खिशाला लागते ती हीच ऊब.

वरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशोबाने दाखवते. आकडा बघा. अँड्रॉइडवर बहुतेक फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, स्टेटस, सिम स्टेटस इथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’ मिळतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा आणि आरएसआरपी (टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद) शोधा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ९०पर्यंत छान, उणे १०५च्या पुढे ताण सुरू, उणे ११५च्या पुढे फोन झगडतोय असं समजा. दर १० डीबीने ताकद दहापट बदलते. म्हणजे उणे ८५ची जागा सोडून उणे ११५च्या जागी गेलात की हातात येणारा सिग्नल हजार पटींनी कमी झाला.

शेडमध्ये चार-पाच ठिकाणी हा आकडा बघून ठेवा. मोठ्या शटरजवळ, ऑफिसच्या खिडकीपाशी तो हमखास सुधारतो. शिफ्टमध्ये फोन तिथे ठेवता आला तर अर्धा प्रश्न सुटला. ५जी बंद करा, अशा जागी त्याचा उपयोग शून्य आहे. कंपनीचं वाय-फाय मिळत असेल तर फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा. मग एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय चालू ठेवलं तरी कॉल येतात-जातात आणि मोबाईल रेडिओ पूर्ण शांत राहतो. बॅटरीसाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

बाजारात मिळणारे ‘सिग्नल बूस्टर’ मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय ते बसवणं बेकायदा आहे आणि त्यांच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. कंपनी मोठी असेल तर व्यवस्थापनाने मोबाईल कंपनीकडे इमारतीच्या आतलं कव्हरेज मागावं, तो रीतसर मार्ग आहे.

मित्र म्हणतो, फोन २जीवर ठेव, दोन दिवस चार्जिंग लागत नाही. खरं आहे का? (पंचवटी)

३जीच्या काळात या सल्ल्यात तथ्य होतं. आज जिओच्या सिमवर २जी निवडलंत तर सेवाच मिळणार नाही, कारण जिओकडे २जी नाही. जे मिळणारच नाही ते नेटवर्क शोधत फोन बॅटरी जाळेल. एअरटेल किंवा व्हीआयवर कॉल होतील, पण यूपीआय अडकेल आणि एक फोटो यायला इतका वेळ लागेल की तेवढा वेळ स्क्रीन आणि रेडिओ दोन्ही जागे राहतील. फक्त कॉलसाठी ठेवलेला फोन असेल तर करा, नाहीतर नको.

दर आठवड्याला नाशिकरोडहून रेल्वेने मुंबईला जातो. कल्याण येईपर्यंत बॅटरी निम्मी होते. प्रवासात कोणता मोड ठेवावा? (जेलरोड)

४जी. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर सारखा सोपवला जातो. ५जी चालू असेल तर त्यात ५जी-४जीची अदलाबदल वाढते.

खरी झीज इगतपुरी ते कसारा या घाटात होते. बोगदे आणि दऱ्या, त्यामुळे सिग्नल येतो आणि तुटतो. नेटवर्क पूर्ण गेलं की फोन त्याला माहीत असलेले सगळे पट्टे एकामागून एक धुंडाळतो, आणि मंद सिग्नल मिळाला की पूर्ण जोर लावून नोंदणी करतो. त्याच वेळी अडकलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागवला जात असतो. इगतपुरी सुटली की एअरप्लेन मोड लावा, कसाऱ्याला काढा. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. बघायचं-ऐकायचं ते घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्या.

हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरीला जाणाऱ्यांनाही हेच लागू. एअरप्लेन मोडमध्ये जीपीएस चालू राहतं, त्यामुळे ऑफलाइन नकाशा असेल तर वाट दिसत राहते. फक्त ठरलेल्या वेळी मोड काढून घरी निरोप द्या.

फोनमध्ये दोन सिम आहेत. एक रोजचं, दुसरं फक्त बँकेच्या ओटीपीसाठी. द्राक्षबागेत दुसऱ्याला रेंज नसते. त्याने बॅटरी जाते का? (निफाड)

जाते, आणि बऱ्याच जणांच्या हे लक्षातच येत नाही. दोन्ही सिम आपापल्या टॉवरकडे स्वतंत्रपणे कान लावून असतात. एकाला रेंज नसेल तर त्याच्यासाठीची शोधाशोध चालूच राहते, पहिल्याला कितीही छान रेंज असली तरी.

बागेत जाताना सिम सेटिंग्जमधून दुसरं सिम बंद करा. काढायची गरज नाही, ते बटण आहे. बंद असताना ओटीपी येणार नाही. नंतर चालू केल्यावर अडकलेला एसएमएस येईलही, पण ओटीपीची मुदत तोवर संपलेली असते. बँकेचं काम घरी आल्यावर करा. सिम महिनोन्‌महिने बंदही ठेवू नका, सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. घरी दोन्ही चालू ठेवायची असतील तर ५जी फक्त डेटाच्या सिमला द्या, ओटीपीच्या सिमला ४जी पुरे.

जाता जाता, पाण्याची मोटर फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरबद्दल. जुन्या स्टार्टरमध्ये बहुधा २जीचं मॉड्यूल असतं, त्यात जिओचं सिम चालत नाही. नवा घेणार असाल तर ४जी मॉड्यूलचा आहे ना, हे विचारूनच घ्या.

यूट्यूबवर बघून *#*#४६३६#*#* डायल केलं आणि ‘एलटीई ओन्ली’ निवडलं. बॅटरी थोडी वाचते, पण काही जण म्हणतात तुझा फोन लागत नाही. (सिडको)

मोड परत ऑटोवर ठेवा. ‘एलटीई ओन्ली’मध्ये फोनला २जीवर उतरायची परवानगीच नसते. व्होल्टी (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) बंद असेल, किंवा त्या क्षणी ४जीची रेंज गेली असेल, तर कॉल येतही नाही आणि जातही नाही. ११२ लावायची वेळ आली तर हा धोका कोणी घेऊ नये, वाचलेल्या दोन टक्क्यांसाठी तर मुळीच नाही.

दूरचा २जी टॉवर धरून बसणं टाळायचं असेल, तर अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सिम सेटिंग्जमध्ये ‘अलाऊ २जी’ हे बटण आहे. ते बंद करा. आपत्कालीन कॉलसाठी फोन तरीही २जी वापरू शकतो, आणि बनावट २जी टॉवरवरून येणाऱ्या फसव्या एसएमएसपासूनही संरक्षण मिळतं. व्होल्टी चालू असल्याची खात्री मात्र आधी करा.

२०२७च्या सिंहस्थात स्वयंसेवक म्हणून काम करायचं आहे. पर्वणीच्या गर्दीत नेटवर्क आणि बॅटरी दोन्ही कसं सांभाळायचं? (रामकुंड परिसर)

गर्दीतला त्रास शेडमधल्या त्रासापेक्षा वेगळा असतो. रेंज पूर्ण दिसते, पण टॉवरवर लाखो फोन एकदम तुटून पडलेले असतात. फोन विनंती करतो, नकार मिळतो, पुन्हा विनंती करतो. डीबीएमचा आकडा चांगला आणि डेटा ठप्प, असं दिसलं की ही कोंडी समजा.

इथे मोड बदलण्याचा खरा उपयोग आहे. ५जी अडलं तर ४जीवर या, ४जी अडलं तर ५जी करून बघा. दोन्हींचे पट्टे वेगळे असल्याने एकावर जागा मिळू शकते. दर पाच मिनिटांनी मात्र बदलत बसू नका, प्रत्येक बदलाला नव्याने नोंदणी लागते आणि ती गर्दीत लवकर होत नाही. निरोपासाठी साधा एसएमएस वापरा, त्याला फार कमी जागा लागते आणि तो उशिरा का होईना पोचतो. फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढवणारा बॅकअप आदल्या रात्रीच बंद करा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, पण एका वेळी एकच चालू.

पॉवर बँक १०,००० एमएएचची घेतली तर तिच्यातून ५००० एमएएचचा फोन पूर्ण दोनदा भरत नाही. व्होल्टेज बदलताना आणि फोनमध्ये भरताना होणारं नुकसान धरलं तर सव्वा ते दीड वेळा भरतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत घाटावर थांबणार असाल तर एवढी पुरते. चार्जिंग सावलीत करा आणि तेवढा वेळ हॉटस्पॉट बंद ठेवा.