जुन्या फोनला नवी बॅटरी घालताय? आधी जुनीवरचा कोड वाचा

प्रश्न: माझा रेडमी नोट ५ प्रो आहे, २०१८ चा. कोल्हापुरात राजारामपुरीत एकानं ४००० एमएएचची बॅटरी दाखवली, दुसऱ्यानं त्याच पैशात ६००० ची. सहा हजारवाली घेऊ ना? (कॉलेजचा विद्यार्थी)

उत्तर: नको घेऊस. तेवढ्याच खाचेत, तेवढ्याच जाडीच्या बॅटरीत दीडपट चार्ज मावत नाही रे, मावला असता तर कंपनीनंच पहिल्यांदा घातला नसता का? स्टिकरवर आकडा काय, कुणीबी छापतो. पण त्याच स्टिकरवर खाली वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण ऊर्जा किती, ते लिहिलेलं असतं, ते बघ. ४००० एमएएच (मिलीअँपिअर-अवर) म्हणजे ४ अँपिअर-अवर, त्याला स्टिकरवरच्या ३.८५ व्होल्टनं गुणलं की १५.४ वॅट-अवर येतात. वर ६००० आणि खाली १५.४ असं दिसलं की ती बॅटरी तिथंच परत ठेवायची.

दुसरं, आणि हे एमएएचपेक्षा महत्त्वाचं, जुनी बॅटरी काढून तिच्यावरचा कोड वाच. तुझ्या फोनला बीएन४५ लागते. आपल्याकडं जो साधा नोट ५ विकला त्याला बीएन४४, आणि तीबी ४००० चीच, त्यामुळं गल्लत व्हायला वेळ लागत नाही. त्यात बाहेरच्या देशात तुझ्याच फोनला नुसतं नोट ५ म्हणतात आणि आपला साधा नोट ५ तिकडं रेडमी ५ प्लस म्हणून विकला, म्हणजे ऑनलाइन नुसतं नाव टाकून मागवलीस की चुकीची बॅटरी दारात. नाव नाही, कोड टाकून शोध.

आणि चार्जिंगचं कमाल व्होल्टेज. ह्याच्याकडं कोण बघतच नाही, मला त्याचंच वाईट वाटतं. जुन्या पद्धतीचे सेल, म्हणजे बॅटरीचा चार्ज साठवणारा आतला भाग, ४.२ व्होल्टपर्यंतच चालतात, नंतरच्या फोनचे ४.३५, ४.४ पर्यंत. फोन त्याच्या सेटिंगप्रमाणं ४.४ पर्यंत भरत राहणार आणि आत सेल ४.२ चा असला तर तो रोज ओव्हरचार्ज होणार. जुनीवर जो आकडा तोच नवीवर पाहिजे.

प्रश्न: सॅमसंग जे७ चं मागचं झाकण वर आलंय, बॅटरी टेबलावर ठेवली तर भिंगरीसारखी फिरते. सुईनं हवा काढली तर अजून वर्षभर चालंल का? (शेतकरी, करवीर तालुका)

उत्तर: दादा, सुई लावू नका, हात जोडून सांगतो. आत हवा नाही, इलेक्ट्रोलाइट कुजून तयार झालेला गॅस आहे, पेट घेणारा. शिवाय आत दोन पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, मध्ये कागदासारखा पडदा. सुई त्यातनं आरपार गेली की शॉर्ट होतं आणि आग लागते. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ पेटायला लागले ते बॅटरीच्या आत असंच शॉर्ट झाल्यानं, आणि कंपनीनं सगळे फोन परत घेतले. तुमच्या फोनची बॅटरी हातानं निघते हे नशीब. काढा, चार्जिंगला परत लावू नका, धातूच्या टोकांवर चिकटपट्टी मारा आणि कोरडी वाळू घातलेल्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. घंटागाडीत टाकू नका, तिथं दाबली गेली तर गाडीत आग लागायची. सर्व्हिस सेंटरला द्या, २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवरच टाकलीय.

प्रश्न: ४० टक्के असताना कॅमेरा उघडला की फोन बंद पडतो, चार्जर लावला की परत ४० दाखवतो. मदरबोर्ड गेला म्हणतात. (गृहिणी, मंगळवार पेठ)

उत्तर: काकू, बोर्डाला पैसे घालायच्या आधी बॅटरी बदलून बघा. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, कॅमेऱ्यानं एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला बंद करतो. चार्ज आत असतो पण देता येत नाही.

प्रश्न: आयफोन एक्सआरला बाहेरून बॅटरी घातली, आता खरी-खोटी कळत नाही असा मेसेज येतोय. धोका आहे का?

उत्तर: नुसत्या मेसेजनं नाही. एक्सआर, एक्सएस पासून पुढं ते येतंच, बॅटरी हेल्थबी नीट दिसंलच असं नाही. फोन तापतोय का, स्क्रीन कडेनं उचलतीय का, ते मात्र रोज बघा.

प्रश्न: २०१८ ची सीलबंद ओरिजिनल मिळतीय, घेऊ का? आणि नवी घातल्यावर आठ तास चार्ज करायची ना?

उत्तर: सीलबंद असली तरी नको. लिथियमची बॅटरी न वापरताबी म्हातारी होते. मीच एकदा अशी पडून राहिलेली घेतली होती, दोन महिन्यांत फुगली, दुकानदारानं हात वर केले. उत्पादनाची तारीख अलीकडची बघा आणि आर- नं सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये घालून तपासा. आठ तासांचं खूळ निकेलच्या बॅटऱ्यांचं, ते सोडा. एप्रिलच्या उन्हात मोटरसायकलच्या हँडलला फोन लावून वर चार्जिंग चालू ठेवू नका, नवी बॅटरी त्यानंच लवकर जाते.