समुद्राखाली स्फोट झाला की भूकंप, हे भूकंपमापकावरून कसं कळतं?

भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात, म्हणून मागून येणाऱ्या एस लहरी (जमिनीला आडव्या हलवणाऱ्या) दणकट असतात. स्फोट चहूबाजूंनी ढकलतो, त्यामुळे सर्वांत आधी पोचणाऱ्या पी लहरीच (दाबत-ढकलत जाणाऱ्या) ठळक. पाण्यातल्या स्फोटाची खरी चुगली करतो तो वायूचा बुडबुडा: फुगतो, पाण्याच्या दाबाने आकसतो, पुन्हा फुगतो, आणि दर आकसण्याला नवा ठोका. ठोक्यांमधल्या वेळेवरून स्फोटाची खोली आणि ताकद यांचा अंदाज बांधता येतो.

१२ ऑगस्ट २००० ला रशिया-नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रात रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली. नॉर्वेतल्या केंद्रांवर आधी बारीक धक्का, सव्वादोन मिनिटांनी शेकडो पट मोठा. दुसऱ्यात बुडबुड्याची खूण स्पष्ट होती. रशियन अधिकारी मात्र बरेच दिवस परक्या पाणबुडीशी टक्कर झाल्याचंच पालुपद लावून होते!