मोजणीत न लागलेला नाइटगाउन

प्रश्न : इंग्लंडमधील रोड हिल हाउस येथे १८६० मध्ये झालेल्या खुनाच्या तपासावरील इंग्रजी पुस्तकाची एकच प्रत आमच्या वाचनगटात हातोहात फिरली. इन्स्पेक्टर व्हिचर यांचा संशय खरा असूनही त्यांच्यावर कोणीच विश्वास का ठेवला नाही, याविषयी आमचे एकमत होत नाही.

उत्तर : व्हिचर यांच्या हाती होती ती केवळ धुण्याची यादी. जेमतेम पावणेचार वर्षांच्या सॅव्हिलचा खून झाल्यानंतर त्याची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्या तीन नाइटगाउनांपैकी एक सापडत नव्हता. मोलकरणीने कपडे मोजल्यावर, तिला पाणी आणायला पाठवून कॉन्स्टन्सने टोपलीतला गाउन काढून घेतला आणि ठपका धोबिणीवर जाईल अशी सोय केली, हा त्यांचा तर्क मला आजही विलक्षण वाटतो. परंतु जे सापडलेच नाही, ते न्यायाधीशांपुढे दाखवणार कसे? शिवाय व्हिचर यांची लंडन पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखा अवघ्या अठरा वर्षांपूर्वी, १८४२ मध्ये, स्थापन झालेली होती, आणि सामान्य घरातून आलेल्या पोलिसाने प्रतिष्ठित कुटुंबातील मुलीचे कपडे तपासावेत, हेच मुळी लोकांना (आणि वर्तमानपत्रांनाही) रुचले नाही. कॉन्स्टन्स सुटली, तिने कबुली दिली ती १८६५ मध्ये, तोवर व्हिचर निवृत्त झाले होते.