बर्लिनमध्ये दोन दिवस आहे. करीवुर्स्ट म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे खावं?

नावातल्या ‘करी’वरून रश्शाची अपेक्षा ठेवू नका. भाजलेलं किंवा तळलेलं सॉसेज, त्याचे तुकडे, त्यावर टोमॅटोचा गोडसर-आंबट सॉस आणि वरून करी पावडर भुरभुरलेली. बस, एवढंच. तिखटपणा आपल्या हिशेबाने जवळजवळ शून्य, त्यामुळे तिखट सॉस मिळत असेल तर मागाच.

हेर्टा हॉयव्हर या बाईंनी 4 सप्टेंबर 1949 रोजी शार्लोटेनबुर्गमधल्या आपल्या टपरीवर हे पहिल्यांदा विकलं, असं बर्लिनकर मानतात. कांटश्ट्रासेच्या कोपऱ्यावर तशी पाटीही आहे. हॅम्बुर्गवाल्यांना हे मान्य नाही, पण तो वाद तुम्ही बर्लिनमध्ये काढू नका!

खायला मी कोनोप्केला जाईन. एबर्सवाल्डर श्ट्रासे स्टेशनच्या खाली, रेल्वेच्या पुलाखालीच ही टपरी आहे. हे कुटुंब 1930 पासून या धंद्यात आहे आणि 1960 मध्ये पूर्व बर्लिनमध्ये करीवुर्स्ट त्यांनीच आणलं. डोक्यावरून गाडी धडधडत जाते आणि आपण उभ्याउभ्या लाकडी काट्याने खातो, मजा त्यातच आहे. रात्री उशिरा भूक लागली तर क्रॉइत्सबेर्गमध्ये मेरिंगडामवरचं ‘करी 36’ बघा.

‘मिट ओडर ओने डार्म?’ असं विचारतील, म्हणजे सॉसेज सालीसकट की सालीशिवाय. बिनसालीचं ही खास बर्लिनची पद्धत, पहिल्यांदा तेच घ्या. सोबत फ्राइज हव्यातच. सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचं असतं. चालत नसेल तर व्हीगन आहे का विचारा, दोन्हीकडे मिळतं.