उणे दहा अंशांत धनुष्याने हरणाची शिकार कशी करतात आणि नवख्याने काय सांभाळावे?

आपण पुण्याहून नुकतेच अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आला आहात, कार्यालयातले सहकारी भर डिसेंबरात धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जाताना पाहता, आणि इतक्या थंडीत हे जमते कसे व स्वतः सुरुवात करायची झाल्यास काय सांभाळावे, असे आपण विचारले आहे. मी मॅडिसनजवळ राहतो आणि माझी बहुतेक शिकार धनुष्यानेच, तीही हंगामाच्या उत्तरार्धात होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कायद्याचे आधी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे. इथे ती परवाना घेऊन, हंगामात आणि नियमांत राहून करायची असते. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होऊन बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, तर बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारपासून जेमतेम नऊ दिवसांचा असतो. त्या दिवसांत धनुष्यवाल्यांनाही भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालावे लागतात. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक बाब: बंदूक बाळगण्यावर संघराज्याच्या कायद्याची बंधने आहेत आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यांतला एक अपवाद आहे, साधे धनुष्य मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. या राज्याला धनुष्य काही नवे नाही. केवळ धनुष्याचा असा वेगळा हंगाम इथे १९३४ मध्येच, मॅडिसनच्या उत्तरेकडील सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत ठेवला गेला होता.

आता मुख्य मुद्दा. थंडीत नेम सहसा चुकत नाही. चुकते ते धनुष्य ताणणे. सप्टेंबरात साठ पाउंड ताणाचे कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य सहज ओढणारा माणूस उणे दहा अंशांत तीन तास निश्चल बसल्यानंतर, अंगावर कपड्यांचे चार थर असताना, तेच धनुष्य ओढायला गेला की त्याचे खांदे साथ देत नाहीत. मग तो धनुष्य आभाळाकडे उचलून, झटका देऊन प्रत्यंचा खेचतो आणि वीस यार्डांवरचे हरीण ती हालचाल टिपून निघून जाते. कंपाउंडमध्ये पूर्ण ताणल्यावर भार ऐंशी टक्क्यांपर्यंत कमी होतो हे खरे, पण त्याआधीचा सर्वांत जड टप्पा ओलांडावाच लागतो. म्हणून डिसेंबर लागला की ताण पाच ते दहा पाउंडांनी उतरवावा. कायद्याने किमान ताण तीस पाउंड आहे. बाणाचे पाते धारदार असेल आणि अंतर कमी असेल, तर पंचेचाळीस-पन्नास पाउंड या हरणाला पुरेसे होतात. ताण उतरवल्यावर बाण थोडा खाली लागतो, त्यामुळे नेमाच्या खुणा नव्याने बसवाव्या लागतात. सरावही वेगळा हवा: मचाणावर घालायचे सगळे कपडे चढवून अंगणात स्टुलावर तासभर बसावे आणि मग एकच बाण सोडावा. शिकारीत मिळतो तोच पहिला बाण. दहाव्या बाणाला अंग मोकळे झालेले असते, त्यावरून काही ठरत नाही.

कपड्यांच्या बाबतीत नवखे लोक थंडीला भितात. खरे तर घामाला भ्यायला हवे. बर्फातून चढण चढताना जाड कोट अंगावर असेल तर पाठ भिजते आणि मचाणावर बसल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. कोट पाठपिशवीत ठेवून, थोडे थंड वाटेल अशा बेताने सावकाश चालावे आणि जागेवर पोहोचल्यावर तो चढवावा. अंगालगत मरिनो लोकर असावी, सुती कापड अजिबात नको. बुटात मोज्यांची गर्दी केली की रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट लवकर गारठतात. हातांना जाड हातमोज्यांपेक्षा कमरेला बांधायची लोकरी नळी बरी. तिच्यात हात ऊबदार राहतात आणि बोटांना प्रत्यंचा सोडणाऱ्या उपकरणाच्या चापाचा स्पर्श नीट कळतो. ज्या हाताने धनुष्य धरतो, त्या हाताची बाही पट्ट्याने आवळून घ्यावी, कारण सुटलेली प्रत्यंचा फुगलेल्या बाहीला घासली की बाण भरकटतो. बाहेरचे कापड फ्लीससारखे मुके असावे. गारठलेले नायलॉन हात हलवताच करकरते.

धनुष्य घरात आणू नये, न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवावे. ऊबदार खोलीत थंड धातूवर दव धरते आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेताच ते चाकांवर व प्रत्यंचेतील नेमाच्या बारीक छिद्रात गोठते. आपला श्वासही त्या छिद्रावर बर्फाची जाळी धरतो. म्हणून अधूनमधून ते तपासावे, आणि ऐन वेळी तोंडाने त्यावर फुंकर घालू नये.

कुठे बसायचे हे डिसेंबरात अन्नावरून ठरते. नोव्हेंबरमधला माजाचा काळ सरलेला असतो, नर थकलेले असतात आणि कळप उभ्या मक्याकडे किंवा सोयाबीनकडे वळतात. दिवसा ते ऊन लागणाऱ्या दक्षिण उतारांवर बसून असतात. या हरणांचे हिवाळी केस पोकळ असतात आणि अंगातली ऊब इतकी धरून ठेवतात की पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही. त्यामुळे थंडीने ती घाईला येतील असे समजू नये. थंडीची लाट येताना मात्र ती उजेड असतानाच चरायला निघतात. राज्याच्या नैर्ऋत्य भागात, जिथे हिमनद्या पोहोचल्याच नाहीत, डोंगर आणि घळी आहेत. तिथे सायंकाळी ऊन कलले की थंड, जड हवा उतारावरून घळीत वाहू लागते आणि आपला वासही बरोबर नेते. हवामानखात्याने पश्चिमेचा वारा सांगितला असला तरी त्या अर्ध्या तासात हीच हवा खरी; म्हणून सायंकाळी हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला बसणे बहुधा अंगाशी येते.

बाण सोडताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. बाणाचा वेग सेकंदाला साधारण ८५ मीटर धरला तर वीस मीटर जायला त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. धनुष्याचा आवाज मात्र सेकंदाच्या सोळाव्या भागात हरणापर्यंत पोहोचतो. दचकलेले हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते आणि तेवढ्यात बाण पाठीवरून निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे कण्याजवळ लागतो. थंडीत शांत हवेत, पाने झडलेल्या रानात आवाज जास्तच खणखणतो. कान टवकारून आपल्याकडे पाहणाऱ्या हरणावर मी बाण सोडत नाही, आणि आपणही सोडू नये. मान खाली घालून चरणारे, किंचित तिरके उभे हरीण, तेही वीस यार्डांच्या आत, एवढीच मर्यादा नवख्याने पाळावी.

बाण लागल्यावर घाई करायची नाही. बर्फावर रक्त लख्ख दिसते आणि बरेच काही सांगते: फेसाळ गुलाबी असेल तर फुप्फुसे, गडद असेल तर बहुधा यकृत, हिरवट घाण मिसळलेली असेल तर पोट. पहिल्या वेळी अर्धा तास थांबून मागावर जावे. पोटाला लागले असेल तर सहा ते बारा तास थांबल्याशिवाय हरीण उठवू नये, नाहीतर ते कोसभर पळते. पेच इथेच येतो, कारण रात्रीत ताजा बर्फ पडला तर माग पुसला जातो आणि कोल्ह्यासारखे कायोटी आपल्या आधी पोहोचतात. अशा वेळी हवामानाचा अंदाज पाहूनच निर्णय घ्यावा. मचाणावर चढण्यापासून उतरेपर्यंत सुरक्षापट्टा झाडाला बांधलेलाच ठेवावा. बधिर पायांनी, गोठलेल्या पायऱ्यांवरून काळोखात उतरणे ही या छंदातली सर्वांत धोक्याची वेळ आहे.

हरीण मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत राज्याकडे नोंद करावी लागते. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग आढळतो. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये अशी आरोग्य यंत्रणेची सूचना आहे. तेव्हा तपासणीसाठी डोके द्यावे आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये खूण करून वेगळे ठेवावे.