तुक्का किती बसतो, ते आधी वहीत मोजा

वाचकांचे प्रश्न : स्पर्धा परीक्षा

या वेळी आलेली निम्मीअधिक पत्रं टेस्ट सिरीजबद्दलच आहेत. मी काही क्लासवाला नाही. चार वर्षं अभ्यासिकेत घासली, एमपीएससीची (राज्य लोकसेवा आयोगाची) संयुक्त पूर्व दोनदा निघाली, मुख्यला थोडक्यात गेलं आणि शेवटी सरळसेवेतून, म्हणजे आयोगाबाहेरच्या थेट भरतीतून, क्लार्क लागलो, त्यामुळे खाली जे सांगतोय ते स्वतः करून बघितलेलं आहे, आणि त्यात चुकलेलंच जास्त आहे.

प्रश्न : दादा, मी मूळची हिंगोलीची, आता छत्रपती संभाजीनगरला औरंगपुऱ्यात अभ्यासिका लावलीय, गट ब आणि क च्या संयुक्त पूर्वची तयारी करते. टेस्ट सिरीज घेतली, रोज एक अशा ४८ टेस्ट झाल्या पण मार्क ५२-५४ च्या पुढं सरकतच नाहीत. शेवटच्या टेस्टला ९६ प्रश्न सोडवले, ६१ बरोबर आले, ३५ चुकले. अजून एक सिरीज लावू का? मैत्रीण म्हणते प्रश्न सोड, सर म्हणतात सगळे सोडव.

उत्तर : ‘सोड’ आणि ‘सोडव’ यात एका अक्षराचा फरक, आणि निम्मी अभ्यासिका त्यावरच भांडत असते. दुसरी सिरीज लावू नकोस, पैसे वाचव. तू ४८ टेस्ट दिल्यास, पण त्यातल्या तपासल्यास किती? मार्क बघणं आणि उत्तरपत्रिकेवरून नजर फिरवणं म्हणजे तपासणं नाही गं. एक तासाच्या पेपरला मला तपासायला तीन तास लागायचे, आणि हे तीन तास आहेत म्हणून मी आठवड्याला दोनच टेस्ट द्यायचो, बाकीचे लोक रोज द्यायचे आणि माझ्याकडे दयेने बघायचे.

आता तुझा हिशोब करू. ६१ बरोबर, ३५ चूक, प्रत्येक चुकीला पाव मार्क निगेटिव्ह म्हणजे ८.७५ गेले, राहिले ५२.२५. तुला वाटतंय की ६१ चे ७० करायला हवेत, पण मी आधी त्या ३५ कडे बघेन. मागच्या पाच टेस्ट काढ आणि प्रत्येक चुकीपुढं तीनपैकी एक अक्षर लिही. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, ‘घ’ म्हणजे येत होतं पण घाई केली, ‘त’ म्हणजे तुक्का. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ३५ पैकी ११ ‘घ’ निघाले आणि त्यातले पाच एकाच शब्दाने खाल्ले होते, ‘अयोग्य’. खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे असं आयोग विचारतो, आपल्याला पहिलंच विधान ओळखीचं दिसतं, लगेच गोल काळा करून पुढं. त्यानंतर मी प्रश्न वाचायच्या आधी शेवटचा शब्द वाचायचो आणि ‘अयोग्य’ला पेनाने गोल करायचो, बास, पुढच्या टेस्टला त्या पाचातले चार मार्क परत मिळाले. कुठलं नवीन पुस्तक वाचलं नव्हतं.

‘न’ वाले प्रश्न वहीत जातात, पण अख्खा प्रश्न उतरवत बसू नकोस, जिथं गोंधळ झाला तेवढंच लिही. माझ्या वहीतलं एक पान अजून आठवतं : ‘११वी अनुसूची पंचायत २९ विषय, १२वी नगरपालिका १८, मी उलटं केलं.’ त्याच्याखाली ‘७३वी घटनादुरुस्ती लागू २४ एप्रिल १९९३, ७४वी लागू १ जून १९९३, दोन्हीत एकच तारीख समजत होतो.’ अशी वही शेवटच्या आठवड्यात दोन तासात वाचून होते, आणि ती फक्त तुझ्या चुकांची असते, बाजारात मिळत नाही.

आता ‘त’, म्हणजे तुझा मूळ प्रश्न. टेस्ट देतानाच प्रश्नपत्रिकेवर खूण करायची सवय लाव. दोन पर्याय कापले आणि उरलेल्या दोनात अडकलीस तर एक टिंब, चारही पर्याय अंधारात असतील तर दोन टिंबं. दहा टेस्टनंतर दोन्ही ढीग वेगळे मोज. पाव मार्क निगेटिव्हला गणित असं आहे की २० तुक्क्यांत ४ बरोबर आले तर ४ मिळाले आणि १६ चुकांचे ४ गेले, हाती शून्य. ५ बसले तर सव्वा मार्क कमाई. म्हणजे डोळे झाकून ठोकलं तरी सरासरीने तोटा नाही, थोडा फायदाच आहे, सर म्हणतात ते कागदावर बरोबर आहे. (यूपीएससीला एक तृतीयांश जातो, तिथं ५ बसले तरी शून्यच.) पण माणूस डोळे झाकून ठोकत नाही ना, तो अर्धवट आठवणीवर ठोकतो, आणि पेपर काढणाऱ्याने एक पर्याय त्या अर्धवट आठवणीसाठीच ठेवलेला असतो. माझे दोन टिंबांचे तुक्के २० ला ३ बसायचे, म्हणजे कोंबडी चोच मारेल त्याच्यापेक्षाही वाईट. एक टिंबाचे मात्र २० ला ११. मग मी ठरवलं, एक टिंब सगळे सोडवायचे, दोन टिंबं बघायचीच नाहीत. तुझा आकडा वेगळा येईल, मैत्रिणीचा त्याहून वेगळा, म्हणून तिचा सल्ला तुला लागू होईलच असं नाही.

अजून एक, त्या दोन टिंबांवर वेळही जातो. ६० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद, त्यात गोल काळा करायला चार सेकंद धरले तरी सहा-सात मिनिटं नुसती रंगकामात जातात. ही मिनिटं तुझ्या टेस्टमध्ये धरलेली असतात का ते बघ. मोबाईलवर टिचकी मारून ५२ येत असतील तर ओएमआरवर (गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर) त्याहून कमी पडतील, त्यामुळे ओएमआरच्या झेरॉक्स काढून घे आणि घड्याळ लावून बस.

टेस्टची उत्तरतालिकाही देववाणी समजू नकोस. सिरीजवाले घाईत काढतात, मराठी व्याकरणात आणि चालू घडामोडीत चुका असतात, एक प्रश्न तीन ठिकाणी तपासूनही जुळला नाही तर सोडून दे, त्याच्यासाठी रात्र घालवू नकोस (मी घालवलीय, समासासाठी, हसू नको). त्यापेक्षा आयोगाच्या साइटवर जुने पेपर आणि अंतिम उत्तरतालिका फुकट आहेत, आधी ते संपव. आयोगाची भाषा सिरीजवाल्याला जमत नाही, जुन्या पेपरातच ती कानात बसते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला, पोलीस भरतीचं करतोय. सकाळ-संध्याकाळ ग्राउंड, मधे घरचं काम. पेपरसाठी मोबाईलवर टेस्ट देतो, ७५ ते ८० पडतात. एवढं बास आहे का?

उत्तर : भावा, हे ७५-८० कधी पडतात ते तू लिहिलं नाहीस. रात्री जेवून खाटेवर पडून पडत असतील तर त्यातले दहा आत्ताच वजा कर.

ग्राउंड ५० मार्कांचं आहे, त्यात निम्मे पडले की मेरिटने एका जागेला दहा जण या हिशोबाने लेखीला बोलावतात, आणि लेखी १०० मार्कांची, ९० मिनिटं, किमान ४० टक्के हवेत. म्हणजे ग्राउंडवर १६०० मीटरला घाम गाळून तू एक-दोन मार्क वाढवतोस, आणि तिकडे अंकगणितात काळ-काम-वेग न जमल्यामुळे पाच घालवतोस. गावाकडची पोरं ग्राउंडला देव मानतात आणि पेपरला पाहुणा, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

रविवारी ग्राउंड झालं की घरी न जाता तसाच शाळेच्या ओट्यावर बस, ओएमआरची झेरॉक्स, पेन, नव्वद मिनिटं. पाय भरून आलेत, भूक लागलीय, कुणी गाडी घेऊन हॉर्न वाजवतंय, अशात जे मार्क पडतील ते तुझे खरे. निगेटिव्ह नाही म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच राखून ठेव. बाकी एक ध्यानात घे की जिल्ह्याजिल्ह्याचे पेपर वेगळे निघतात, एसआरपीएफचा (राज्य राखीव पोलीस दलाचा) आणखी वेगळा, त्यामुळे ज्या जिल्ह्यात फॉर्म टाकणारेस तिथले मागचे पेपर आधी सोडव. त्या जिल्ह्यातले तालुके, नद्या, किल्ले, धरणं यावर दोन-चार प्रश्न हमखास दिसतात, आणि बीडचा पोरगा रायगडला फॉर्म टाकून तिथेच अडकतो.

प्रश्न : तलाठीची जाहिरात येईल म्हणून तयारी करतोय. टीसीएस पॅटर्नच्या (ती कंपनी कॉम्प्युटरवर घेते तशा) सराव परीक्षेत २०० पैकी १६० येतात. नॉर्मलायझेशन होऊन किती होतील? मित्र म्हणतात सगळा घोळ असतो.

उत्तर : किती होतील ते तुलाच काय, परीक्षा घेणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. २०२३ ला साडेचार हजारांवर जागा होत्या आणि दहा लाखांवर फॉर्म, एवढी माणसं एका दिवशी बसवता येत नाहीत, मग कितीतरी शिफ्ट केल्या आणि प्रत्येक शिफ्टला वेगळा पेपर. ते एका पातळीला आणायला नॉर्मलायझेशन लावतात, त्यात अवघड शिफ्टवाल्यांचे मार्क वर जातात, सोप्यावाल्यांचे खाली येतात. त्याच भरतीत २०० च्या पेपरला २१४ मार्क दिसले तेव्हा राज्यभर बोंब झाली होती. सूत्र तसंच होतं म्हणे, पण पोरांना शंभरातले एकशे सात कुणी आणि कसे समजावणार? मार्क जाहीर करताना दोन ओळी साध्या मराठीत लिहिल्या असत्या तर निम्मी बोंब वाचली असती असं माझं मत.

पण तुझ्या हातात काय ते बघ. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी, प्रत्येकी २५ प्रश्न, प्रत्येकाला दोन मार्क. म्हणजे अर्धा पेपर दोन भाषांचा आहे आणि तरी आपले लोक जीकेची जाडजूड पुस्तकं घेऊन बसतात, इंग्रजी ‘बघू नंतर’. तुझ्या १६० मध्ये इंग्रजीचे किती ते लिहिलं असतंस तर जास्त सांगता आलं असतं. मागच्या शिफ्टचे पेपर सोडव, समानार्थी, म्हणी, वाक्प्रचार, इंग्रजी शब्द फिरून फिरून येतात. आणि कॉम्प्युटरवर किमान पाच टेस्ट दे, भले सायबर कॅफेत बसून. उत्तर निवडून ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ न दाबता थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली की उत्तर साठवलंच जात नाही, आणि हे परीक्षेत कळून उपयोग नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला शेवटच्या दहा मिनिटांत कळलं होतं, तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात साडेतीन वर्षं एमपीएससी करतोय. फोन केला की ‘टेस्ट आहे’ म्हणतो आणि ठेवतो. मार्क कधीच सांगत नाही. चुलत दिराचा मुलगा लागला, त्यामुळे घरात बोलणी होतात. त्याला काय विचारू? (सांगली)

उत्तर : काकू, पहिलं म्हणजे दिराच्या मुलाचं नाव फोनवर काढू नका. तो लागला हे तुमच्या मुलाला तुमच्या आधी कळलंय.

मार्क का सांगत नाही? मीही सांगायचो नाही. १०० पैकी ५४ म्हटलं की घरी वाटायचं नापासाच्या जवळ आहे, आणि कटऑफ काय असतो, निगेटिव्ह काय असतं हे दर वेळी कोण समजावणार, म्हणून ‘चांगली गेली’ म्हणून फोन ठेवायचा. म्हणून टेस्टचे मार्क विचारूच नका. तो सुट्टीला घरी आला, पोट भरून जेवला की निवांत एकच विचारा, आयोगाच्या खऱ्या पूर्व परीक्षा किती दिल्या आणि कटऑफपासून दर वेळी किती लांब राहिला. पहिल्या वेळी पंधरा, मग आठ, मग तीन असं असेल तर तो पोचतोय, त्याला अजून वेळ आणि मेसचे पैसे द्या, कुरकुर न करता. पंधरा, सोळा, चौदा असं असेल तर टेस्ट कितीही दिल्या तरी तो जागच्या जागी धावतोय, आणि हे त्यालाही माहीत आहे, बोलायला कुणी नाही.

अशा वेळी घरी परत ये म्हणू नका, पुढच्या पूर्वसोबत एखादी सरळसेवा, एखादा दुसरा फॉर्म टाक असं म्हणा. आपल्याकडे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वय चालतं, ते चांगलंही आहे आणि वाईटही, कारण दोर लांब असला की माणूस विहिरीत किती खोल उतरलाय ते त्याला कळत नाही. सदाशिव पेठेत असे कितीतरी दादा आहेत जे नवीन पोरांना अभ्यास कसा करायचा ते फार सुंदर समजावून सांगतात. मी त्यांच्याकडूनच शिकलो, खोटं कशाला बोलू. तुमचा मुलगा तसा दादा व्हायला लागलाय का, एवढं मात्र त्याच्या रूमवर एकदा अचानक जाऊन, लाडू घेऊन, बघून या.

प्रश्न : ओएमआरला काळा पेन वापरायचा की निळा?

उत्तर : हॉलतिकिटावर लिहिलेलं असतं. तेच वाच, आणि तसलेच दोन पेन ने, दोन्ही आधी चार टेस्टला वापरलेले, कारण नवा पेन हॉलमध्ये पहिल्या गोलालाच ठिपका सोडतो.